कॅल्शियमचा तोतया : एका आवडत्या स्पष्टीकरणाची तपासणी

विषारी धातूंविषयी शाळेत, विज्ञान प्रदर्शनात किंवा वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत काही सांगायचे झाले, की एक वाक्य हटकून येते : 'शिसे आणि कॅडमियम हे धातू शरीरात कॅल्शियमची जागा घेतात.' त्यापुढची गोष्टही ठरलेली असते. या धातूंचे आयन कॅल्शियमच्या आयनाएवढेच, विद्युतभारही तोच; त्यामुळे आतड्यातील पेशी फसतात, धातू आत घेतात, कॅल्शियम बाहेर राहते आणि हाडे ठिसूळ होतात. स्पष्टीकरण सोपे आहे, फळ्यावर दोन वर्तुळे काढून सांगता येते आणि मुलांच्या लक्षातही राहते.

प्रस्तुत लेखात आम्हांला या स्पष्टीकरणावरच टीका करायची आहे. ते सपशेल खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. आणि अपुरे स्पष्टीकरण जेव्हा सल्ला देऊ लागते तेव्हा नुकसान होते. 'शिसे कॅल्शियमची जागा घेते ना, मग कॅल्शियमच्या गोळ्या खा, म्हणजे झाले' असा निष्कर्ष त्यातून सरळ निघतो. तो कितपत टिकतो, हे पुढे पाहू.

मराठी वाचकाला तोतया नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, रूपसाम्यावर त्याने अनेकांना फसवले, कोकणात बंड माजवले आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. या इतिहासात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रूपसाम्यामुळे तोतयाला प्रवेश मिळाला. पण नुकसान झाले ते त्याने आत आल्यावर जे केले त्यामुळे. धातूंच्या गोष्टीत आपण पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी तिच्यातच मिसळून टाकतो. आमच्या टीकेचा गाभा एवढाच आहे.

आणखी एक कसोटी आम्ही लावणार आहोत. परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी लागते. नृसिंहाच्या मंदिरामुळे हे गाव सर्वांना माहीत आहे. काळी जमीन, ज्वारीची भाकरी, विहिरीचे आणि बोअरचे पाणी अशा या परिसरातल्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांपुढे हे वाक्य उच्चारले, तर घरच्या पाण्याविषयी, जेवणाविषयी आणि औषधांविषयी ती मुले काय समजतील? विज्ञानाचे स्पष्टीकरण त्या घरापर्यंत सुखरूप पोहोचते का, हे तपासणे अगत्याचे आहे.

'जड' या शब्दाचा घोटाळा

सुरुवात नावापासूनच करू. 'जड धातू' हा शब्द ऐकला की वजनदार धातू विषारी असतो, असा समज होतो. घनता पाहा : शिसे ११.३, कॅडमियम ८.६५, तांबे ८.९६, लोखंड ७.८७, जस्त ७.१ (ग्रॅम दर घन सेंटिमीटर). तांबे कॅडमियमपेक्षा जड आहे, तरी ते शरीराला आवश्यक आहे. सोने १९.३ म्हणजे शिशाहून कितीतरी जड, पण ते फारशी रासायनिक क्रिया करत नाही. उलट बेरिलियमची घनता १.८५ इतकी कमी असून तो अत्यंत विषारी आहे. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या नियतकालिकात २००२ साली जॉन डफस यांनी या शब्दाच्या अनेक परस्परविरोधी व्याख्या गोळा केल्या आणि हा शब्दच अर्थहीन आहे काय, असा प्रश्न मथळ्यातच विचारला. तेव्हा मुलांपुढे बोलताना 'जड धातू' न म्हणता शिसे, कॅडमियम, पारा अशी नावे घ्यावीत. ज्याचे नाव घेतले त्याचेच गुणधर्म सांगावे लागतात, हा त्यातला फायदा.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. 'आमच्या विहिरीचे पाणी जड आहे' असे खेड्यात सर्रास म्हणतात. त्याचा अर्थ डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हा जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांचा असतो. पाठ्यपुस्तकात आणखी एक 'जड पाणी' येते, ते ड्यूटेरियमचे. मुलाच्या डोक्यात या तिन्ही 'जड' गोष्टी एक झाल्या, तर कॅल्शियमयुक्त पाणीच त्याला विषारी वाटू लागेल. जे स्पष्टीकरण कॅल्शियमच्या बाजूने उभे राहायला निघाले, ते कॅल्शियमच्याच विरोधात जाईल!

उंबरठ्यावरची तीन पावले

आतड्याची पोकळी आपण शरीराच्या आत समजतो. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी दोन्ही टोकांना उघडी आहे. त्या पोकळीतला पदार्थ अजून शरीरात आलेला नसतो. तो उंबरठ्यावर असतो. पोखर्णीच्या मुलांना नृसिंहाची कथा ठाऊकच असते. उंबरठा म्हणजे घरात नाही आणि बाहेरही नाही, हे त्यांना वेगळे समजवावे लागणार नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशींचा एकच थर हा तो उंबरठा.

हा उंबरठा कॅल्शियम दोन वाटांनी ओलांडते. आहारात कॅल्शियम भरपूर असेल तर बराचसा भाग शेजारशेजारच्या दोन पेशींमधल्या फटीतून, जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे, आपोआप झिरपतो. आहारात कॅल्शियम कमी असेल तर दुसरी वाट महत्त्वाची ठरते. ही वाट पेशीच्या आतून जाते आणि मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असते.

या आतल्या वाटेवर तीन पावले आहेत. पहिले पाऊल म्हणजे पोकळीकडच्या पेशीपटलातील दार. टीआरपीव्ही-६ नावाचे हे प्रथिन १९९९ साली उंदराच्या आतड्यातून ओळखले गेले. दुसरे पाऊल पेशीच्या आतले. पेशीद्रवात मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी ठेवावे लागते, कारण मोकळे कॅल्शियम हा पेशीसाठी एक संदेश असतो. तो सतत वाजत राहिला तर पेशी मरते. म्हणून आत आलेले कॅल्शियम कॅल्बिंडिन हे प्रथिन धरून ठेवते आणि पलीकडच्या बाजूस नेऊन सोडते. रॉबर्ट वॉसरमन आणि त्यांचे सहकारी यांनी हे प्रथिन १९६६ साली कोंबडीच्या पिलांच्या आतड्यात दाखवले. तिसरे पाऊल रक्ताकडच्या पटलातील पंपाचे. हा पंप एटीपीमधील ऊर्जा खर्च करून कॅल्शियम बाहेर ढकलतो. तिन्ही पावलांवर ड जीवनसत्त्वाच्या क्रियाशील रूपाचे नियंत्रण असते, आणि ते रूप मूत्रपिंडात तयार होते. मूत्रपिंडाचा हा उल्लेख लक्षात ठेवावा. पुढे त्याला फार महत्त्व आहे.

हे तीन पावलांचे चित्र आता बहुतेक पुस्तकांत आढळते. त्याच्याही बाबतीत थोडी सावधगिरी हवी. २००८ साली काही प्रयोगशाळांनी टीआरपीव्ही-६ नसलेले, आणि टीआरपीव्ही-६ व कॅल्बिंडिन दोन्ही नसलेले उंदीर तयार केले. ड जीवनसत्त्व दिल्यावर त्यांच्या आतड्यांनी कॅल्शियम शोषून घेतलेच. म्हणजे शरीराकडे पर्यायी वाटा आहेत. तेव्हा 'दार अडले, कॅल्शियम संपले' इतके सरळ गणित इथे नाही.

रूपसाम्य कुठवर पुरते?

आता तोतयाकडे वळू. कॅल्शियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १०० पिकोमीटर, कॅडमियमची ९५, शिशाची ११९. सर्वांचा विद्युतभार अधिक दोन. फळ्यावरची दोन वर्तुळे इथून येतात. पण याच तक्त्यातले आणखी दोन आकडे सहसा कोणी सांगत नाही. स्ट्रॉन्शियमची त्रिज्या ११८, म्हणजे शिशाइतकीच, विद्युतभारही तोच. स्ट्रॉन्शियम हाडांत जाऊनही बसते, तरी साधे स्ट्रॉन्शियम शिशासारखे विषारी नाही. उलट पाऱ्याच्या आयनाची त्रिज्या १०२, म्हणजे कॅल्शियमला सर्वांत जवळची. आकारावरच सारे ठरत असते, तर पारा हा कॅल्शियमचा पहिल्या नंबरचा तोतया ठरायला हवा होता. पण पाऱ्याचा विषारीपणा मुख्यतः गंधकाशी असलेल्या त्याच्या ओढीतून येतो. हे चार आकडे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि 'आकार सारखा म्हणून विषारी' हे विधान टिकते का, असे विचारावे. उत्तर मुले स्वतःच देतील.

मग प्रत्यक्षात घडते काय? पावलागणिक पाहू.

पहिल्या पावलावर, टीआरपीव्ही-६ च्या दारातून कॅडमियम आत जाऊ शकते, असे पेशींवरील प्रयोगांत २०११ साली दिसले. इथे तोतयाची उपमा बरोबर बसते. पण आतड्यात कॅडमियमचा मुख्य प्रवेश या दारातून होत नाही. तो होतो प्रामुख्याने लोहाच्या दारातून. डीएमटी-१ नावाचे हे वाहक प्रथिन १९९७ साली ओळखले गेले. ते लोहाबरोबर कॅडमियमही आत घेते. शरीरात लोह कमी पडले की आतडे या दारांची संख्या वाढवते, आणि त्याबरोबर कॅडमियमचीही सोय होते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना अत्यल्प कॅडमियम देऊन शोषण मोजले गेले. लोहाचा साठा पुरेसा असलेल्यांनी सरासरी २.३ टक्के शोषले, तर साठा कमी असलेल्यांनी ८.९ टक्के. जवळजवळ चौपट! तोतया आला खरा, पण तो पुष्कळदा कॅल्शियमच्या नव्हे, लोहाच्या वेषात आला.

दुसऱ्या पावलावर शिशाची पाळी येते. कॅल्बिंडिन शिशाला कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरते, असे वॉसरमन यांच्याच गटाने १९८५ साली दाखवले. इथे प्रथिन फसते ते आकार अगदी सारखा आहे म्हणून नव्हे. शिशाचा आयन आजूबाजूच्या ऑक्सिजन अणूंना अधिक लवचीकपणे, वेड्यावाकड्या मांडणीतही पकडू शकतो, म्हणून फसते.

तिसऱ्या पावलावर कॅडमियम खरा घात करते. नेदरलँड्समधील फर्बोस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली उंदराच्या आतड्यातील पेशीपटलांचे तुकडे घेऊन दाखवले, की कॅल्शियम बाहेर ढकलणारा पंप अगदी थोड्या नॅनोमोल मोकळ्या कॅडमियमने मंदावतो. इथे कॅडमियम कॅल्शियमचे काम करत नाही. कुलपात अडकलेल्या चुकीच्या किल्लीसारखे ते पंप अडवून बसते. 'जागा घेणे' आणि 'जागा अडवणे' यांत फरक आहे, आणि तो भाषेत दिसला पाहिजे.

शिवाय एक चौथी गोष्ट आहे. शेजारच्या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांनी धरून राहतात, त्यांना त्यासाठी कॅल्शियम लागते. कॅडमियम ही पकड सैल करते, असे १९९१ साली मूत्रपिंडाच्या पेशींवर दिसले. आतड्याच्या पेशींवरही तसेच परिणाम आढळले आहेत. पकड सैल झाली की फटी रुंदावतात आणि त्यांतून कॅल्शियम उलट जास्तच झिरपू शकते. म्हणजे एकच धातू एका वाटेने कॅल्शियमचा प्रवास रोखतो, तर दुसऱ्या वाटेने मोकळा सोडतो. 'जागा घेतात' या एका वाक्यात हे सारे कसे मावणार?

इताई-इताईचा दाखला नीट वाचू

या विषयावरील प्रत्येक लेखात जपानचा दाखला येतो. तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतून आलेले कॅडमियम भातशेतीत पसरले. तिथल्या स्त्रियांची हाडे इतकी दुखत आणि मोडत, की 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', हेच आजाराचे नाव पडले. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी चिकाटीने कारणाचा पाठपुरावा केला. जपान सरकारने १९६८ साली प्रदूषणजन्य रोग म्हणून त्याला मान्यता दिली आणि १९७१ साली न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला.

आपल्याकडे याचे वर्णन 'कॅडमियमने हाडांतील कॅल्शियमची जागा घेतली' असे केले जाते. हे वाचन सदोष आहे. कॅडमियम यकृतात मेटॅलोथायोनिन या गंधकयुक्त प्रथिनाला चिकटते आणि वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साचत जाते. तिथल्या नलिका बिघडल्या की कॅल्शियम आणि फॉस्फेट मूत्रावाटे वाहून जातात, ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार होण्यात अडथळा येतो आणि मग आतडेही कॅल्शियम नीट शोषेनासे होते. म्हणजे आतड्याचे दार बंद झाले, पण कुलूप पुष्कळ अंशी मूत्रपिंडात लागले होते! हाडेही केवळ ठिसूळ होत नाहीत; खनिज पुरेसे न बसल्याने ती मऊ पडतात.

रुग्ण कोण होते, हेही पाहिले पाहिजे. बहुतेक जणी पाळी थांबलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. तेच तांदूळ घरातील पुरुषांनीही खाल्ले होते. केवळ रेणूंची गोष्ट सांगणारे स्पष्टीकरण या स्त्रियांपाशी येऊन गप्प बसते.

बशीतली पेशी आणि ताटातली भाकरी

आता थोडी टीका संशोधन-लेखनावर. आतड्यावरील बरेचसे प्रयोग 'काको-२' नावाच्या पेशींवर होतात. १९७७ साली अमेरिकेत योर्गेन फोग यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून त्या वाढवल्या. सुमारे तीन आठवडे वाढवल्यावर त्या लहान आतड्याच्या पेशींसारख्या वागू लागतात, म्हणून त्या सोयीच्या. पण त्या मोठ्या आतड्यातल्या आहेत, कर्करोगाच्या आहेत, त्यांच्यावर श्लेष्माचा थर नाही, शेजारी रक्तप्रवाह नाही आणि समोर अन्नही नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. हे गणित दहावीचा विद्यार्थी करू शकेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ मायक्रोग्रॅम आहे. कॅडमियमचा अणुभार ११२.४. तीनला त्याने भागले, की लिटरला सुमारे ०.०२७ मायक्रोमोल, म्हणजे २७ नॅनोमोल येतात. एखाद्या प्रयोगात पेशींना १० मायक्रोमोल कॅडमियम दिले असेल, तर ते या मर्यादेच्या सुमारे पावणेचारशे पट झाले. अशा प्रयोगातून यंत्रणा कळते, पण आपल्या गावात ती घडते आहे की नाही, हे कळत नाही. आणि फर्बोस्ट यांचे 'थोडे नॅनोमोल' दिसायला पाण्याच्या मर्यादेपेक्षाही कमी असले, तरी ते पेशीच्या आतल्या, कशालाही न चिकटलेल्या कॅडमियमचे आहेत. जिवंत पेशीत मेटॅलोथायोनिन बहुतेक कॅडमियम आधीच जखडून ठेवते. हे दोन आकडे शेजारी मांडून घाबरणे चूक आणि निश्चिंत होणेही चूक.

मोजमापाचा प्रश्न महाराष्ट्राने न्यायालयातही पाहिला आहे. २०१५ साली मॅगी नूडल्समध्ये मर्यादेपेक्षा जास्त शिसे असल्याच्या अहवालांवरून देशभर बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा त्या चाचणीसाठी रीतसर मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीची बाजू ऐकली गेली नव्हती, ही कारणे त्यात होती. पुढे न्यायालयाने सांगितलेल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नमुने मर्यादेच्या आत आढळले. त्या नूडल्सविषयी कोणाचे मत काहीही असो. आकडा कोणी, कशावर आणि कसा मोजला हे विचारल्याशिवाय विष ठरत नाही, हा धडा वर्गात सांगण्यासारखा आहे.

स्पष्टीकरणापासून सल्ल्यापर्यंत

आता मूळ प्रश्न. शिसे कॅल्शियमशी स्पर्धा करते, तर कॅल्शियम वाढवल्याने शिसे हटते का?

उंदरांवर उत्तर होकारार्थी आले. कमी कॅल्शियमचा आहार दिलेल्या उंदरांत शिशाची विषबाधा तीव्र होते, हे सिक्स आणि गॉयर यांनी १९७० साली दाखवले. पण रक्तात डेसिलिटरला १० ते ४५ मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या अमेरिकन मुलांना काही महिने जादा कॅल्शियम देऊन पाहिले, तेव्हा ते घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांच्या रक्तातील शिशात फरक पडला नाही. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मेक्सिको शहरातील गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, तेव्हा मात्र रक्तातील शिसे सरासरी ११ टक्क्यांनी घटले (२००९). हा फरक का? प्रौढांच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठलेले असते. गरोदरपणी हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा त्याबरोबर शिसेही निघते. तिथे कॅल्शियमचा उपयोग आतड्यात स्पर्धा करण्याबरोबरच हाडांची झीज रोखण्याचाही असतो.

म्हणजे एकच उपाय एका ठिकाणी निरुपयोगी आणि दुसऱ्या ठिकाणी अल्पसा उपयोगी ठरला. 'तोतया' या एका शब्दातून हे आधी सांगता आले असते का? आणखी एक विसंगती पाहा. १९९३ साली अमेरिकेत कॅल्शियमपूरक गोळ्यांचे ७० प्रकार तपासले गेले आणि हाडांच्या भुकटीपासून व खनिजांपासून बनवलेल्या काही प्रकारांत शिसेच आढळले! जनावराच्या हाडात साठलेले शिसे भुकटीबरोबर आले. स्पष्टीकरण अर्धवट समजलेला माणूस शिसे घालवण्यासाठी शिसेच गिळू शकतो.

पोखर्णीच्या वर्गात

मग शिक्षकाने काय सांगावे? आमच्या मते, जे माणसांवर पडताळले गेले आहे, ते आधी.

पहिली गोष्ट भरल्या पोटाची. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांवर झालेल्या मोजमापांत उपाशीपोटी घेतलेल्या शिशापैकी निम्म्याच्या आसपास किंवा अधिक शोषले गेले, तर जेवणाबरोबर घेतलेल्यापैकी दहा टक्क्यांहून कमी. लहान मुले तर मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषतात. सकाळी काही न खाता शाळेत आलेले, धुळीत खेळून तेच हात तोंडात घालणारे मूल सर्वांत जास्त धोक्यात असते. शाळेतला पोषण आहार आणि त्याआधी धुतलेले हात या दोन गोष्टी आतड्याच्या उंबरठ्यावरचे खरे पहारेकरी आहेत. मुलाला यासाठी एकाही प्रथिनाचे नाव पाठ करावे लागत नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे. वर सांगितलेले कॅडमियमचे चौपट शोषण या ठिकाणी आठवावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये इक्रिसॅटच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हे अधिक लोह आणि जस्त असलेले ज्वारीचे वाण प्रसारित केले. ते रक्तक्षयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेच. पण लोहाच्या दाराने येणारा तोतया घरच्या भाकरीपाशी अडवता येऊ शकतो, ही जोड विद्यार्थ्यांना करून द्यावी. ज्वारीत कॅल्शियम मात्र थोडे, शंभर ग्रॅमला सुमारे २५ मिलिग्रॅम. नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास आणि तिळात हजाराच्या वर असते. भाकरीला तीळ लावायची आपली रीत काही वाईट नाही.

तिसरी गोष्ट मातीची. मराठवाड्याची काळी जमीन बहुधा चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते. अशा जमिनीत कॅडमियम घट्ट धरले जाते आणि आम्लधर्मी जमिनीच्या मानाने पिकात कमी उतरते. स्फुरदयुक्त खतांतून थोडे कॅडमियम शेतात येते हे खरे. पण जिन्झूच्या भाताचे चित्र जसेच्या तसे पोखर्णीच्या ज्वारीवर चिकटवू नये. तसेच मराठवाडा-विदर्भात हाडे वाकण्याची तक्रार दिसली तर धातूंकडे बोट दाखवण्याआधी फ्लोराइडचा विचार करावा. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत तो प्रश्न जुना आहे.

चौथी गोष्ट शिसे येते कुठून ही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली. तरी जुन्या भिंतींचे पोपडे उरले आहेत. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तो देवाला लावावा, पण लावलेला हात मुलाच्या तोंडात जाऊ नये. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असेल तर ते आंबट आमटीत उतरते. जुन्या बॅटऱ्या घराच्या अंगणात फोडणे तर फारच धोक्याचे. बांगलादेशात हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून शिशाचे क्रोमेट वापरले जात असल्याचे २०१९ साली उघड झाले. वसमतसारखी हळदीची मोठी बाजारपेठ शेजारी असलेल्या आपल्या भागात ग्राहकाने फार झळझळीत रंगाचा हट्ट धरू नये, एवढे सांगायला हरकत नाही.

वर्तुळे पुसायची का?

फळ्यावरची ती दोन वर्तुळे पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या शेजारी आणखी दोन काढा : एक स्ट्रॉन्शियमचे, एक पाऱ्याचे. मग विचारा : हा धातू आत कोणत्या दाराने आला? आत काय केले, जागा घेतली, अडवली की मोडली? हे कशावर दिसले, पटलाच्या तुकड्यावर, बशीतल्या पेशीवर, उंदरावर की माणसावर? आणि किती प्रमाणाला? या चार प्रश्नांची सवय लागली, तर वर्तमानपत्रातली पुढची बातमी विद्यार्थी स्वतः तपासू शकेल.

'कॅल्शियमची जागा घेतात' या वाक्याऐवजी आम्ही असे म्हणू : 'शिसे आणि कॅडमियम कधी कॅल्शियमच्या, कधी लोहाच्या दाराने आत शिरतात, आत गेल्यावर कॅल्शियम हाताळणारी यंत्रणा ठिकठिकाणी अडवतात, आणि उपाशी, रक्तक्षय झालेल्या शरीरात त्यांना प्रवेश अधिक सोपा असतो.' वाक्य लांबले खरे. पण त्याचा शेवटचा भाग असा आहे, की ज्यावर पोखर्णीचा शिक्षक उद्या सकाळीच काही करू शकतो.